हॉलमध्ये कोण

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. बाजारात, कचेरीत, राहत्या इमारतीच्या जिन्यात सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. काम वजनमापांच्या तपासणीचं. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं आणि काटा बरोबर तोलतोय का ते पाहायचं. बरोबर असला तर वर्षभराचा शिक्का मारायचा, नसला तर काटा उचलून आणायचा. सत्तावीस वर्षांत त्यांनी कोणाच्या दुकानात फुकट चहा घेतला नव्हता. घेतला असता तर कप कुठवर भरलाय हे आधी पाहिलं असतं, असं त्यांची बायको म्हणे.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि हॉलमधली तिच्या टेबलाची जागा रिकामी झाली. बायकोला वाटलं होतं तिथं सोफा येईल. तिथं समुद्र आला. चार फूट लांब काचेची टाकी, साडेतीनशे लिटर खारं पाणी, छिद्राछिद्रांचे दगड, त्यांवर जिवंत प्रवाळ, आणि घराची कागदपत्रं आपल्याच नावावर असल्यासारखी त्यातून फिरणारी नारिंगी जोकर माशांची जोडी.

प्रवाळ हा जीव दिसायला झाडासारखा आणि वागायला मानी पाहुण्यासारखा. पाणी जरा इकडचं तिकडे झालं की रुसला. त्याला पाण्याचा पीएच आठच्या वर लागतो, शक्यतो आठ पॉइंट दोन. दिवसा दिव्यांच्या उजेडात प्रवाळाच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि ऑक्सिजन सोडतं, तेव्हा हा आकडा चढतो. दिवे मालवले की सगळे जण नुसता श्वास घेतात आणि सोडतात, म्हणून सकाळपर्यंत तो उतरतो. हा चढउतार दाखवायला पाण्यात काचेचा एक प्रोब सोडलेला होता आणि टाकीच्या खालच्या कपाटावर लाल आकड्यांची डबी. काटेसाहेब सकाळी आरशात तोंड बघायच्या आधी तो आकडा बघत.

“मला ताप आला तर दोन दिवस सांगत फिरावं लागतं,” बायको म्हणे, “आणि ह्या पाण्याचं मात्र दशांश चिन्हासकट कळतं.”

थंडी सुरू झाली आणि सासरे राहायला आले.

सासऱ्यांना घरात सगळे बाबा म्हणत. त्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी म्हणून काढली होती. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, पान छापून झालं की तेच खिळे पुन्हा खणाखणांच्या पेटीत आपापल्या घरात टाकायचे. छापखाना केव्हाच बंद पडला, शिसं छातीत राहिलं. यंदा न्यूमोनियानं तीन आठवडे दवाखान्यात काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, की दोन महिने एकटं ठेवू नका आणि गार वारा लागू देऊ नका. लेकीनं मुलीची खोली झाडून त्यांना दिली, घरभरच्या खिडक्या लावून घेतल्या आणि फटींना कापडाच्या पट्ट्या ठोकल्या.

जावयाला दशमग्रह म्हणतात. बाबांनी मात्र हा ग्रह कधी मनावर घेतला नव्हता. ते त्यांना ‘जावईबापू’ म्हणत, अहो-जाहो करत आणि टाकीसमोरच्या खुर्चीत शाल गुंडाळून तासन्‌तास मासे बघत बसत. दवाखान्यानंतर इतकं बरं वाटणारी दुसरी जागा त्यांना सापडली नव्हती.

आठ दिवसांत आकडा आठ पॉइंट एकवरून सात पॉइंट नऊवर आला.

काटेसाहेबांनी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. शहरात असले समुद्र पाळणारे मोजून पाच-सहा. त्यांत हे डॉक्टर सगळ्यांत जुने, आणि दाढ काढताना जितके शांत तितकेच टाकीच्या बाबतीतही शांत.

“घरात माणसं वाढलीत का?” डॉक्टरांनी विचारलं.

“सासरे आलेत.”

“खिडक्या?”

“बंद. त्यांच्या छातीसाठी.”

“मग झालं की! तुमचा स्किमर हॉलचीच हवा ओढतो ना?” स्किमर म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे घुसळून घाण फेसावाटे बाहेर काढणारं यंत्र. “तुम्ही सगळे जे सोडता तेच तो पाण्यात घुसळतोय. त्याची हवेची नळी बाहेर काढा. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतायत का?”

“नाही. मजेत आहेत.”

“म्हणजे ऑक्सिजन ठीक आहे. घाई करू नका. आणि प्रोब तपासून घेतलाय ना?”

“डॉक्टर,” काटेसाहेब म्हणाले, “हे तुम्ही मला विचारताय?”

“खरंच की! तुम्हाला काय विचारायचं,” म्हणून डॉक्टर हसले. काटेसाहेबही हसले. पुढं बरेच दिवस हे हसू त्यांना आठवत राहिलं, आणि दर वेळी त्यांनी आठवण दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला.

नळी बाहेर काढायची तर भिंतीला भोक पाडावं लागणार, आणि सोफ्याच्या जागेवर समुद्र सोसलेली बायको भिंतीला भोक सोसायला तयार नव्हती. तेव्हा काटेसाहेबांनी स्वभावाला धरून आधी नोंद ठेवायचं ठरवलं. कचेरीतल्या तपासणीपत्रकासारखाच एक तक्ता आखला आणि टाकीच्या कपाटाला डकवला. पाच रकाने: तारीख, वेळ, आकडा, खिडकी, हॉलमध्ये कोण.

पाचवा रकाना आखताना त्यांच्या मनात पाप नव्हतं. श्वास कोणाचाही असो, पाण्याला सारखाच. पण ते स्वतः सकाळी नऊला बाहेर पडत, बायको दहाला तिच्या ग्रंथालयात जाई, आणि रकान्यात दिवसभर एकच नाव उरे. बाबा. बाबा. बाबा. संध्याकाळी आल्यावर डबीची बटणं दाबून दिवसभराचे आकडे काढायचे आणि भरायचे. आठवडाभरात तो तक्ता तपासणीपत्रकापेक्षा आरोपपत्रासारखा दिसू लागला. आकडा सात पॉइंट आठ झाला होता.

एका संध्याकाळी बाबा चष्मा कपाळावर चढवून तक्त्यासमोर उभे होते.

“जावईबापू, आखणी सुरेख आहे हो. रकाने अगदी मापात. हा आकडा कमी होतो तो माणसांमुळं?”

काटेसाहेबांना त्यांच्या विषयातलं आजवर घरात कोणी काही विचारलं नव्हतं. ते खुलले. माणूस श्वास सोडतो, त्यातला वायू बंद खोलीत साठतो, स्किमर तो पाण्यात मिसळतो, पाण्यात त्याचं सौम्य आम्ल होतं, आकडा उतरतो, आणि मग प्रवाळाला आपला सांगाडा बांधणं जड जातं, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं.

“म्हणजे मी इथं बसून तुमच्या समुद्राला सोडावॉटर करतोय म्हणा की.”

“छे छे, तुम्ही एकटे थोडेच! सगळेच श्वास घेतात.”

“सगळे सकाळी बाहेर जातात,” बाबा म्हणाले. रकाने वाचण्यात हयात गेलेला माणूस, त्याला रिकाम्या घराचा अर्थ समजावून सांगायला नको होता. “किती मरतील हो यात?”

“मरणार नाहीत. वाढ खुंटेल.”

“हूं,” बाबा म्हणाले आणि खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तक्त्यात एक ओळ आधीच भरलेली होती. अक्षर बारीक, उभं, छापल्यासारखं. वेळ: दहा ते एक. हॉलमध्ये कोण: ‘कोणी नाही (बाबा खाली).’

काटेसाहेबांनी ती वाचली आणि त्यांना काय वाटलं? त्यांना समाधान वाटलं. नोंद नेटकी होती, वेळ नेमकी होती, शाई रेघेबाहेर गेली नव्हती. हाताखालच्या दोन्ही निरीक्षकांपैकी एकालाही असं लिहिता येत नव्हतं. त्या रात्री जेवताना त्यांनी बाबांना आग्रहानं वाढलंसुद्धा.

खाली म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावर, टपालपेट्यांच्या समोर एक लाकडी बाक होता, तिथं. बाबा स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल असे तीन थर चढवून दहाला उतरत आणि एकला वर येत. लेकीनं संध्याकाळी विचारलं तर म्हणत, “पाय मोकळे करतो गं.”

आकडा मात्र चढेना. सात पॉइंट आठ. मग सात पॉइंट पंचाहत्तर. काटेसाहेब पाण्यात बफरची पूड टाकू लागले. सोड्याच्या जातीची ही पूड पाण्याची आम्ल पचवायची ताकद वाढवते आणि आकडा वर ढकलते. एक चमचा टाकला, आकडा तासभर हलला आणि परत बसला. दुसऱ्या दिवशी दोन टाकले. साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. धोपटणाऱ्याला त्या वेळी ते दिसत नाही, इतकंच. आणि मग एका संध्याकाळी त्यांनी दुपारी दोन ते पाचच्या ओळीखाली, जिथं ‘बाबा’ लिहिलं होतं, तिथं लाल पेननं रेघ मारली.

रेघ कशासाठी मारलीत असं कोणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, नोंदीसाठी. पण लेकी बोले सुने लागे ही रीत बोलूनच पाळावी लागते असं नाही. तो तक्ता वाचणारे घरात दोघंच होते, आणि एकानं तर रेघ स्वतः मारली होती.

दुसऱ्या दिवशीपासून बाबा दोन ते पाचही खाली जाऊ लागले. ‘कोणी नाही (बाबा खाली).’ लाल रेघेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. काटेसाहेबांनी ओळ पाहिली आणि पुढची ओळ भरायला घेतली.

बाबांचा खोकला पुन्हा सुरू झाला.

“मला कळत नाही,” बायको स्वयंपाकघरात म्हणाली. “बसवत नाही म्हणणारा माणूस एवढा कसला फिरतो? मी घरात नसते. तू तरी विचारलंस का?”

“पाय मोकळे होतात त्यांचे,” काटेसाहेब म्हणाले.

सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची खोटी मापं पकडणाऱ्या माणसाला स्वतःचं खोटं बोलायला तीन सेकंद लागले. सरावच नव्हता.

त्याच आठवड्यात प्रवाळाची टोकं पांढरी पडली. फांद्यांची शेंडी जळाल्यासारखी, खाली नुसता सांगाडा. काटेसाहेबांना वाटलं आकड्यानं घात केला. शुक्रवारी सकाळी तर बाबा चहा घेताना म्हणाले, “रविवारी मी माझ्या घरी जावं म्हणतो. बरं वाटतंय आता.” एवढं बोलताना ते दोनदा खोकले. लेक चिडली, रडकुंडीला आली, दोन महिन्यांतला अजून एकच झालाय म्हणाली. बाबा म्हणाले, “अगं, आपलं घर ते आपलं घर.” काटेसाहेब डबीकडे बघत होते. सात पॉइंट सात.

आणि त्या दिवशी ते एका सुकामेव्याच्या दुकानात तपासणीला गेले.

दुकानवाली बाई साठीच्या पुढची, एकटीच गल्ल्यावर. काट्यावरचा शिक्का दोन महिन्यांपूर्वी संपला होता. काटेसाहेबांनी पेटी उघडली.

“काटा अगदी बरोबर आहे साहेब,” बाई म्हणाल्या. “माझं गिऱ्हाईक वीस वर्षांचं आहे, कोणाची तक्रार नाही.”

“असेल बरोबर. शेवटचा तपासला कधी?”

“तसा... तपासला नाही. पण रोज वापरते ना!”

“बाई,” काटेसाहेब म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजार वेळा म्हटलं होतं, “रोज वापरता म्हणूनच तो बिघडतो. आपला काटा चुकत असेल असं कोणालाच वाटत नाही. सगळ्यांना वाटतं मालच कमी भरला.”

हातातलं अर्धा किलोचं वजन हातातच राहिलं.

“साहेब? बरं नाही का वाटत? पाणी देऊ?”

“नको,” ते म्हणाले. त्यांनी वजनं ठेवली, पाहिली, उचलली. काटा खरोखरच बरोबर होता. त्यांनी शिक्का मारला, मुदत उलटल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत आणि कचेरीत न जाता घरी आले. बाईंनी नंतर शेजारच्या दुकानदाराला सांगितलं म्हणे, की काटेसाहेब आता थकले.

दुपारचे तीन वाजले होते. टपालपेट्यांकडे न बघता ते लिफ्टमध्ये शिरले. घर रिकामं. कपाटाच्या खणात प्रोब तपासायच्या द्रावणाच्या पुड्या होत्या, एक सातची, एक दहाची. प्रोब आणला तेव्हा सोबत आल्या होत्या. दर महिन्याला प्रोब यात बुडवून बघा, असं वेष्टणावर लिहिलेलं होतं. प्रोब आणून सव्वा वर्ष झालं होतं. पुड्यांचं टोक कोणी फाडलेलं नव्हतं.

सातच्या द्रावणात प्रोबनं सांगितलं, सहा पॉइंट सहा. त्यांनी प्रोब पुसला, पुन्हा बुडवला. सहा पॉइंट सहा. दहाच्यात साडेनऊ.

समुद्र ठीक होता. खिडक्या लागल्यावर थोडासा उतरला असेल, पण सात पॉइंट सात तो कधीच नव्हता. आठ पॉइंट एकच्या आसपासच होता. उतरत होता तो प्रोब. आणि प्रवाळाची टोकं जाळली होती त्या पुडीनं, चमच्या-चमच्यानं, त्यांनी स्वतःच्या हातानं. थेंब मोजायच्या चाचणीत पाण्याची क्षारता दीडपट निघाली. सगळं पाणी गेले दहा-बारा दिवस मुकाट्यानं सोसत होतं.

खुर्चीत बसावं असं त्यांना वाटलं. पण ती बाबांची खुर्ची होती आणि तिच्यावर त्या आठवड्यात कोणी बसलेलं नव्हतं. ते उभेच राहिले. समोर तक्ता. आपलं तिरकं, घाईचं अक्षर आणि बाबांचं उभं, शांत अक्षर. कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही. एका म्हाताऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं, वेळेसकट लिहिलेलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं हे आजवर त्यांनी फक्त काटा जप्त झालेल्या दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

कोणाला सांगितलं नाही तर चालण्यासारखं होतं. हा विचारही त्यांना आला, तो लपवण्यात अर्थ नाही. बाबा परवा जाणारच होते. नवा प्रोब आणायचा, तक्ता काढून टाकायचा, संपलं. साधारण पाच मिनिटं हा विचार हॉलमध्ये त्यांच्यासोबत होता. मग खालून, तीन मजले ओलांडून, खोकल्याचा आवाज आला. खरं तर तो तिथवर ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्यांना आला, आणि ते जिन्यानं उतरले.

तळमजल्यावर बाबा बाकावर नव्हते. टपालपेट्यांसमोर उभे होते. पोस्टमन या इमारतीत सगळं टपाल एका मोठ्या ट्रेमध्ये ओतून जाई, आणि लोक येताजाता त्यात हात घालून आपापलं शोधत. बाबांनी ट्रे काखेत धरला होता आणि एकेक पाकीट उचलून, पेट्यांकडे न बघता, ज्याच्या त्याच्या पेटीत टाकत होते. अठ्ठावीस पेट्या, चार रांगा. हात असा जात होता जणू त्या पेट्या नव्हेत, खिळ्यांच्या पेटीतले खण आहेत.

“आज लवकर?” बाबा म्हणाले. “तब्येत?”

“बाबा, वर चला.”

“पाच वाजायचेत अजून.”

“वर चला हो. तिथं काही... तुमच्यामुळं काही होत नव्हतं.”

बाबांनी ट्रे बाकावर ठेवला. “म्हणजे?”

काटेसाहेबांनी वाक्य तयार करून आणलं होतं. ते जिन्यात कुठंतरी सांडलं. “माझा काटा खोटा होता,” ते म्हणाले. “प्रोब. सव्वा वर्षात एकदा पण तपासला नाही. पाणी बरोबर होतं. तुम्ही हॉलमध्ये असा नाहीतर नसा, जो काही फरक पडत असेल तो काट्याला कायद्यानं माफ असलेल्या चुकीच्या आत.”

“म्हणजे मी खाली बसलो ते उगाच?”

“हो.”

“दहा-बारा दिवस?”

“तेरा,” काटेसाहेब म्हणाले. नको तिथं अचूक राहायची सवय.

बाबा बाकावर बसले. काटेसाहेबांना वाटलं, आता बोलतील. बोलावं, चांगलं खडसावावं. जावई म्हणून आजवर जे जे शब्द वाचवले असतील ते सगळे एकदम काढावेत.

“मला वाटत होतं मासे वाचतायत,” बाबा म्हणाले.

काटेसाहेबांनी बाकावरचा ट्रे उचलून हातात धरला.

“गार होतं हो इथं. दार उघडलं की हाडात शिरायचं. पण म्हटलं, चला, दवाखान्यातून आल्यापासून सगळे आपल्यासाठीच करतायत, आपल्या हातून एक काम होतंय. आकडा वर चढला का म्हणून रोज आल्यावर बघायचो. चढायचा नाही. मग वाटायचं, आपलं काहीतरी कमी पडतंय.”

“ती लाल रेघ...”

“ती दिसली.”

“मी ती...”

“जावईबापू,” बाबांनी त्यांना थांबवलं. आवाज चढलेला नव्हता. “छापखान्यात चुकीचा खिळा लागला तर आम्ही खिळ्याला बोल लावत नसू, लावणाऱ्यानं कबूल केलं की पुरे. मला सांगितलंत, झालं. आता तिला सांगा.”

“तिला?”

“मग? तिला काय मी सांगू?”

बायको साडेसहाला आली. काटेसाहेबांनी तिला हात धुवू दिले आणि मग सगळं सांगितलं. प्रोब, पूड, तक्ता, दोन ते पाच, ‘पाय मोकळे होतात’. मधे त्यांनी ‘नकळत’ हा शब्द एकदा वापरला. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी तो परत घेतला.

ती हॉलमध्ये गेली. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. वाचताना एका जागी तिचं बोट थांबलं, ते वडिलांच्या अक्षरावर की लाल रेघेवर, हे मागून दिसत नव्हतं.

“माझ्या बापाचे श्वास मोजलेस तू,” ती म्हणाली. “आणि तेही चुकीचे.”

“फाडून टाक तो,” काटेसाहेब म्हणाले.

“नाही.” तिनं तक्ता हळूच काढला, चार घड्या घातल्या आणि आपल्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला.

बाबांनी जायचं रद्द केलं. लेकीनं बॅग रिकामी केली, आणि दोन महिने पुरे होईपर्यंत बाबा राहणार असं ठरलं. शनिवारी काटेसाहेबांनी नवा प्रोब आणला, दोन्ही पुड्यांत बुडवून बघितला आणि मगच पाण्यात सोडला. भिंतीला भोक न पाडता नळी न्हाणीघराच्या झरोक्यातून बाहेर काढता येते, हेही त्या दिवशी लक्षात आलं. तीन आठवड्यांपूर्वी वीस मिनिटांत झालं असतं. आठ पॉइंट एक. जळलेली टोकं मात्र तशीच राहिली. प्रवाळ सावकाश भरतो, वर्षाला बोटभर.

शनिवारी दहा वाजता बाबा खाली गेले होते. टपाल लावायला, असं लेकीला सांगून. पेट्यांचं काम त्यांना आवडलं होतं, आणि इमारतीतल्या लोकांनाही. त्यात काही वावगं नव्हतं. काटेसाहेबांनी स्वतःची तशी समजूत घातली आणि ती त्यांना बऱ्यापैकी पटली.

रविवारी दहाला पाच कमी असताना बाबांनी स्वेटर चढवला. मग कोट.

काटेसाहेब टाकीची काच पुसत होते. “बाबा, आज रविवार. टपाल नसतं.”

“माहीत आहे की.”

“मग?”

“मग काय? बसतो जरा.” शाल शोधताना ते टाकीकडे बघून हसले. “तुमचं चालू द्या.”

दार लागलं. काटेसाहेब फडकं हातात धरून उभे राहिले. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

त्यांनी फडकं ठेवलं, कोट घेतला आणि जिन्यानं खाली गेले. बाबा बाकावर बसले होते, हात काखेत. बाहेर वारा होता. कोणी आत आलं की काचेचं दार उघडून त्याचा झोत थेट बाकाच्या दाराकडच्या टोकावर येत होता. बाबा आतल्या टोकाला, भिंतीशी होते.

“मी बसू?” काटेसाहेबांनी विचारलं.

“बसा की.”

बाबा उठले, दाराकडच्या टोकाला सरकले आणि भिंतीकडची जागा त्यांनी जावयाला दिली.